सतराव्या वर्षाची सही

ओहायो, गुरुवार

प्रिय रोलंड,

काल शाळामंडळाच्या सभेत मी तुझ्याविरुद्ध बोलले. तुझं सैन्यभरतीचं टेबल आणि पोस्टरं शाळेच्या जेवणघरातून हलवा, म्हणाले. तू गणवेशात समोरच बसला होतास.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "ताई, सैन्यानं माझं वाटोळं केलं का गं?"

"नाही रे. माणूस केलं तुला."

"मग?"

मी गाडीकडे वळले. आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास, म्हणून भरतीच्या संमतीपत्रावर पालकाची सही मी केली. तुझं भलं व्हावं म्हणून केली, असं तू समजतोस. खरं तर मला घरातलं एक ताट कमी करायचं होतं.

आता जेवणघरात मी रोज वाढते. जी पोरं दुसऱ्यांदा वाढून मागतात, तीच तुझ्या टेबलापाशी थांबतात. हे तुला तोंडावर सांगवलं नाही, आणि हे पत्रही टाकवणार नाही.

तुझी ताई,
लोरेटा