बाई वडील कशी?

रविवार, २ फेब्रुवारी

बोलले एकदाची! चर्चमध्ये उपासना संपल्यावर, सगळ्यांसमोर — "यंदा वडील म्हणून माझं नाव घ्या." हायवेवर एका मेल्या ट्रकनं नेमका तेव्हाच हॉर्न वाजवला.

पाळकसाहेब सोलापूरहून महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार संदेश, म्हणजे प्रवचन, मंडळीनं निवडलेल्या पुढाऱ्यांपैकी — वडिलांपैकी — कुणीतरी देतो. आणि वडील सगळे पुरुष! मी बायबलचा कोर्स केला, आणि करते काय? सतरंज्या झटकते. मला एकदा तरी पुढं उभं राहून बोलायचंय. बास.

शांतवनमामा उठले. सासूबाईंचे धाकटे भाऊ, मंडळीतले सगळ्यात जुने वडील. "वडील म्हंजे बाप. बाई बाप कशी व्हईल गं निकिता?" पुरुष खो खो हसले. बायकापण हसल्या! त्याचाच जास्त राग आला.

मंगळवार, ४

मामा घरी, काखेत बायबल. पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडून दाखवलं — पुढारी 'एका स्त्रीचा पती' असावा. "तू हायस का कुणाचा पती?"

मी म्हटलं, "पौलाला तरी कुठं बायको होती? म्हणजे आपल्या नळदुर्गात पौलालापण वडील होता आलं नसतं!"

मामांना चहाचा ठसका लागला. सासूबाईंनी भावाची पाठ चोळली आणि डोळे माझ्यावर वटारले. "थोरामोठ्यांशी असं बोलत्यात व्हय?"

गुरुवार, ६

'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे.' मामांचा मेसेज, गुलाबाच्या फुलांसकट.

मी उलट पाठवलं — प्रभू मेलेल्यांतून उठला ही बातमी पहिली कुणी सांगितली? मग्दालीया मरीयेनं. ती गप्प बसली असती तर?

निळी टिक आली.

शनिवार, ८

भाकरी थापता थापता सुचलं! वडील म्हणजे बापच कशावरून? वडील म्हणजे मोठं. वडील बहीण म्हणतोच की आपण! तव्यावरची करपली. करपू दे!

रविवार, ९

वडील निवडायची सभा. मी उभी राहिले. "मामा, माझ्या सासूबाई तुमच्या कोण?"

"मथुराअक्का? माझी वडील बहीण." बेसावध!

"म्हणजे बाई वडील असते!"

अख्खी मंडळी हसली. मामासुद्धा. "पटलं गं बाई." मला तर वाटलं, जिंकले.

पण मामा बसेचनात. "बाई वडील असती, कबूल. मग जी वडील हाय तिलाच करा की. निकिता तर धाकटी!"

भराभर हात वर. बायकांचे आधी! नळदुर्गच्या मंडळीतली पहिली बाई वडील — माझ्या सासूबाई.

करायला गेले गणपती, झाला मारुती. ख्रिस्ती बाईनं ही म्हण वापरू नये, पण आज दुसरी सुचत नाही. घरी येऊन रडले. खरंच रडले.

सोमवार, १०

सासूबाईंशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवार, १४

प्रार्थनेनंतर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रविवारी संदेशाला माझा नंबर हाय. मला काय बोलाय येतंय? माझ्या जागी निकिता बोलंल. वडील म्या हाय, कुणी मधी पडू नका."

मामा गप्प. भर मंडळीत! मला तर त्यांना तिथंच मिठी मारावीशी वाटली — सासूबाईंना. मामांना नव्हे.

शनिवार, १५

विचारलं, "संदेश कशावर देऊ?"

म्हणाल्या, "रूथवर. तिनं सासूचं कसं ऐकलं, त्ये नीट सांग. घाई करू नगंस."