कोहळ्याआधी सिक्स पॅक

१८ ऑगस्ट, सोमवार. देवास. सकाळी ६

धारहून भैयासाहेबांचा फोन. हे आबासाहेबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले चुलते, वय ब्याऐंशी, आवाज बत्तीसचा. यंदा खांडेनवमीच्या पूजेला कोहळ्यावर तलवार मी चालवायची. मान एकदाच मिळतो. एका घावात दोन तुकडे झाले पाहिजेत. नाही झाले तर मान दुसऱ्याकडे, आणि परत मागायचा नाही.

दुसरी अट, तोवर मराठीत डायरी लिहायची. हिंदी शाळेत शिकून माझं मराठी लंगडं झालंय म्हणे. वाचणार कुणी नाही, फक्त लिहा.

घाव हा प्रॉब्लेमच नाही. मी डेडलिफ्ट शंभर किलो मारतो. प्रॉब्लेम पोट. मान घेणारा रेशमी सोवळ्यात असतो, वर उघडा. पंचाहत्तर पाहुणे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. चव्वेचाळीस दिवसांत सिक्स पॅक पाहिजेत. भरपूर वेळ आहे.

१९ ऑगस्ट

जिममध्ये कोच उमाशंकर भियांना प्लॅन सांगितला: सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी काकडी, संध्याकाळी जिद्द. ते म्हणाले की भिया, बढ़ती उमर है, दाल-रोटी-अंडे-दही ठीक से खाओ, नींद लो, पेट धीरे-धीरे जाएगा. भूखे रहे तो पहले ताकत जाएगी, फिर दिमाग. ज्यांचं स्वतःचं पोट बेल्टच्या बाहेर येऊन बसतं त्यांनी मला शिकवू नये.

राजनंदिनी पण तिथेच व्यायाम करते. काकासाहेबांची मुलगी, माझ्याहून वर्षाने मोठी. कोच म्हणतील ते खाते. आज डब्यात उकडलेले चणे, तीन अंडी आणि पोळ्या. अजिबात शिस्त नाही.

२७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

एकही मोदक खायचा नाही असं ठरवलं होतं. पण प्रसाद नाकारणं बरं दिसत नाही. एकवीसचा नैवेद्य असतो, म्हणजे धार्मिक दृष्टीने तो एकच.

शेजारचा प्रणव मोठ्याने मोजत होता. सतराव्याला मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्त आलं, आरतीच्या ताटात पडलं. आबासाहेब ओरडले. रागावर माझा पूर्ण ताबा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरा ठोसा मी मारलाच नव्हता.

३ सप्टेंबर. सकाळी ५.४०

सात दिवस काकडी. वजन सहाशे ग्रॅमने वाढलं.

५.५०. वजनकाटा संपवला. पाच किलोच्या प्लेटने. अकराव्या घावाला काच फुटली. यंत्र खराब होतं. अकरा घाव लागले, कारण फरशी घसरडी होती.

११ सप्टेंबर

रेनकोट घालून टेकडीच्या पायऱ्या पळत चढलो. घाम म्हणजे चरबी रडते असं रीलमध्ये सांगतात. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काळं आलं. नारळवाल्याने पाणी पाजलं आणि विचारलं की भिया, घर में खाने को नहीं है क्या. उन्हाचा त्रास, बाकी काही नाही.

संध्याकाळी जिममध्ये ऐंशी किलो उचलले गेले नाहीत. बार वाकडा आहे. एक दाढीवाला हसला. त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्याने मला उचलून वॉटर कूलरवर आपटलं. ओठ फाटला, एक दात हलतोय. भांडण बरोबरीत सुटलं. कोचनी दोन आठवडे येऊ नको सांगितलं. विश्रांतीची गरज होतीच.

२२ सप्टेंबर. घटस्थापना

नऊ दिवसांचा उपास धरला. आता आईसाहेब काही बोलू शकत नाहीत, देवीचं काम आहे. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली, शिंगाडा, राजगिऱ्याचे लाडू केले. मी कशाला शिवलो नाही. त्या म्हणाल्या की देवी कधी मागत नाही असला उपास. मी दार आपटलं. बिजागरी निघाली. सुतारकाम आता कुणी नीट करतच नाही.

आरशात दोन पॅक दिसतात. कदाचित बरगड्या. पण सुरुवात आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

काकासाहेबांकडे दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. मी नुसता बसलो होतो. हात थरथरत होते, तो मसल्सचा पंप. राजनंदिनीने बाफला तुपात बुडवला आणि म्हणाली की शौर्य, उपास गेला खड्ड्यात, तू खा, मी सांगते मोठ्यांना. मी ताट ढकललं. तिने घास तोंडापाशी आणला. मान हिला पाहिजे, म्हणून माझा उपास मोडतेय, हे मी लगेच ओळखलं.

चावलो. तिच्या डाव्या हाताला तीन टाके पडले. बाफला मात्र मी खाल्ला नाही. हाताबरोबर थोडा आला असेल.

३० सप्टेंबर

भैयासाहेबांनी राजनंदिनीला फोन करून विचारलं की माझा मान काढून घ्यायचा का. ती नको म्हणाली. मला घाबरली.

आजपासून पाणी पण बंद. त्याने कातडी मसल्सला चिकटते. आईसाहेब वरण-भात घेऊन खोलीत आल्या. खा म्हणाल्या, हात जोडते म्हणाल्या. मी ताट भिंतीवर फेकलं. त्या मध्ये आल्या. नेहमी मध्ये येतात. भुवईवर कापलं. फार नाही, पदर लावून धरला होता त्यांनी. आबासाहेबांनी मला दोन थोबाडीत मारल्या. लागलं नाही. मग मी अर्धा तास भिंतीवरचा भात बघत बसलो होतो.

१ ऑक्टोबर. खांडेनवमी. धार

घडलं ते स्पष्ट लिहितो, कारण लोक भलतंच सांगतील.

सोवळं नेसून उघडा उभा राहिलो. कुणीतरी विचारलं की हा पोरगा आजारी आहे का. तलवार उचलली. जुनी आहे, पहिल्यापेक्षा जड झालीय. घाव घातला. तलवार कोहळ्यात चार बोटं खोल गेली आणि अडकली. ओढली तर कोहळाच वर आला. मग तलवारीसकट कोहळा ओट्यावर आपटला. पुन्हा आपटला. बिया उडाल्या, गर उडाला, बायका मुलांना घेऊन मागे पळाल्या. मी ओरडत होतो म्हणे. मला तर शांत वाटत होतं. काकासाहेबांनी मागून मिठी मारली तेव्हा कोपर मारून त्यांचा चष्मा फोडला. पुढचं आठवत नाही, रात्री दवाखान्यातच जाग आली.

राजनंदिनीने जादाच्या कोहळ्याचे एका घावात दोन तुकडे केले. डाव्या हाताला पट्टी होती. यंदापासून मान तिचा, असं भैयासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. हे पूजेला आलेल्या प्रणवच्या मेसेजवरून कळलं. त्याने हसण्याचा इमोजी पण टाकला नाही.

२ ऑक्टोबर. दसरा. धारचा दवाखाना

सलाईन. डॉक्टर म्हणाले की अजून एक दिवस पाणी बंद असतं तर किडन्या गेल्या असत्या. पोट आहे तिथेच आहे.

हरलो ते तलवारीला धार नव्हती म्हणून, असं लिहायला बसलो होतो. पण राजनंदिनीच्या हातातही तीच तलवार होती.

सकाळी आईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या. भुवईवर पट्टी. रात्रभर बसल्या असाव्यात. घसा सुकला होता. त्यांच्या शेजारी पाण्याचा ग्लास होता, तो घ्यायला मी हात लांब केला. त्यांनी एकदम दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीसकट मागे सरकल्या.

मी हात खाली घेतला. मला फार लाज वाटली. मग पाणी द्या म्हणालो, हळू आवाजात. त्यांनी ग्लास पलंगाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा मागे जाऊन बसल्या.