मधूशी भांडण उरलं नाही, त्याबद्दल

अल रय्यान, दोहा
शुक्रवार, चर्चहून आल्यावर

प्रिय उर्सुलाताई,

सप्रेम नमस्कार. क्रिस भावोजींना माझा नमस्कार आणि ॲलिसनला आशीर्वाद. भावोजींचा गुडघा कसा आहे? (तेल लावतात, की अजून नुसतं तेलाबद्दल बोलतात?) इथे आंद्रिया बरी आहे. तिच्या हॉस्पिटलची ड्युटी बदलली, त्यामुळे आम्ही एकमेकांना बहुतेक चहाच्या वेळी भेटतो. मीही बरा आहे, असं डॉक्टर म्हणतात. सध्या इथे थंडी आहे. सकाळी वाळवंटावर धुकं उतरतं. रास लफानला जाणारी आमची कंपनीची बस त्यात शिरली की रस्ता दिसत नाही, वाळू दिसत नाही, दूर गॅस प्लांटच्या ज्वाळा तेवढ्या दिसतात, जमिनीशी काही संबंध नसल्यासारख्या. अशा वेळी माणसाला वाटतं की आपण कुठेही जात नाही आहोत आणि तरी ऑफिसला पोचणार आहोत.

फार दिवसांत लिहिलं नाही, कारण काही घडलं नाही. खरं म्हणजे जे दरवर्षी घडायचं ते घडायचं थांबलं, आणि तीच बातमी आहे. माझं आणि मधूचं भांडण संपलं. तू म्हणशील, बरं झालं. थोडं थांब.

मधु म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा, नाशिकचा. आम्ही एकाच कंपनीत, एकाच बसमध्ये, शेजारशेजारच्या सीटवर. आमचा डेरिल अमेरिकेत शिकायला गेला त्याच वर्षी त्याचा मिहीरही गेला, आणि दोघांची कॉलेजं निघाली एकमेकांची जन्माची वैरी. बास्केटबॉलमध्ये. दोन्ही गावांमध्ये मक्याची शेतं आहेत, एक नदी आहे आणि आपापल्या आजोबांपासून चालत आलेला राग आहे. डेरिलच्या कॉलेजचं चिन्ह साळिंदर, मिहीरच्या कॉलेजचं बगळा. त्यांचा सामना तिथे रात्री असतो, म्हणजे इथे पहाटे, बरोबर आमच्या बसच्या वेळी. (देव कधी कधी वेळापत्रक नीट लावतो.) एक फोन, त्याच्या वायरीचं एक टोक माझ्या कानात, दुसरं मधूच्या. बाहेर धुकं. मी त्याला बगळ्या म्हणायचो, तो मला साळिंदर. मागच्या सीटवरचे मल्याळी इंजिनिअर झोपेतून उठून बाजू घ्यायचे. ड्रायव्हर हमीदभाई आरशातून बघून ओरडायचा, "यल्ला, चुप बैठो, नहीं तो दोनों को यहीं उतार दूँगा!" सामना वर्षातून एखाददोनदाच. पण आधीचे महिने धमक्यांमध्ये जायचे आणि नंतरचे टोमण्यांमध्ये. वर्ष भरलेलं असायचं.

मुलांचं म्हणशील तर दोघांनीही तो खेळ कधी पाहिलेला नाही. डेरिल मातीचा अभ्यास करतो. एकदा मी फोनवर विचारलं, काल आपण कसे हरलो? तो म्हणाला, "हू लॉस्ट, डॅड?" मी विषय बदलला. मुलांवर आपल्या भावना लादू नयेत.

आता झालं असं. तिकडे कॉलेजांचे गट असतात. त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या कॉलेजांनी एकमेकांशी खेळायचं. डेरिलच्या कॉलेजने गट बदलला. टीव्हीवाले तिकडे जास्त देतात म्हणे. म्हणजे समज, आपल्या वसईतल्या आगाशीने एके दिवशी जाहीर करावं की आम्ही यापुढे शेजारच्या नंदाखालशी खेळणार नाही, आमचा तालुका आता केरळात आहे. साळिंदर आता समुद्रकाठच्या कॉलेजांशी खेळतं. विमानाने जातं, हरतं, विमानाने परत येतं. बगळा आपल्या नदीकाठीच आहे. त्यांचा सामना यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही.

बातमी आली त्या दिवशी मी कॉलेजला पत्र लिहिलं. मी काही गप्प बसणारा नाही, तुला माहीत आहे. ऑफिसात आपण लिहितो तसंच, वर विषय, खाली संदर्भ, शेवटी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती. मी पालक आहे, फी वेळेवर भरतो, सदर निर्णयामुळे दोहा येथे गैरसोय होत आहे, असं स्पष्ट कळवलं. उत्तर लगेच आलं. त्यांनी माझ्या निष्ठेबद्दल आभार मानले आणि नव्या गटाचा टी-शर्ट घ्यावा असं सुचवलं. (आंद्रियाने तो मागवला. ती घालून झोपते. मला तिच्याकडे पाठ करून झोपावं लागतं.)

पण खरा घोटाळा वेगळाच झाला. मधु माझ्याशी सभ्यपणे वागू लागला. पहिल्याच सोमवारी त्याने लिफ्टचं दार धरलं आणि म्हणाला, "या, डॉमनिकराव." ताई, डॉमनिकराव! मीही काय करणार? म्हणालो, "आधी तुम्ही." आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. बसमध्ये बोलायला विषय नाही. कतारमध्ये हवेवर बोलायचं म्हणजे वर्षाला दोन वाक्यं पुरतात, ती आमची पहिल्याच आठवड्यात झाली. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना दुसरं काही विचारलंच नव्हतं. त्याला भाऊ किती, मला माहीत नाही. माझं ब्लडप्रेशर त्याला माहीत नाही. साळिंदर आणि बगळा गेले आणि मागे दोन अनोळखी गृहस्थ उरले, एकमेकांना पेपरमिंटच्या गोळ्या देणारे.

उपाय केले. सूक वाकिफच्या बाजारात केशराच्या दुकानात मी मुद्दाम म्हणालो की हे केशर चांगलं नाही. मधु म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणजे नसेल. दुकानदार मात्र माझ्याशी भांडला. नंतर एका शनिवारी इथल्याच दोन क्लबांचा बास्केटबॉल सामना बघायला गेलो. ठरलं की त्याने एक क्लब घ्यायचा, मी दुसरा. आधी तुम्ही निवडा, नाही तुम्ही निवडा, यात पहिला डाव गेला. शेवटी मी त्याला आवडेल असा वाटला तो क्लब त्याच्यासाठी सोडला, त्याने तोच माझ्यासाठी सोडला, आणि आम्ही दोघं उरलेल्या क्लबच्याच बाजूने ओरडत होतो. तो क्लब जिंकला. दोघंही जिंकलो. गाडीत आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. त्या दिवशी मधूच्या पत्नी नयनावहिनी आंद्रियाला म्हणाल्या, "यांचं काय झालंय गं? घरात कुणालाच काही बोलत नाहीत."

मग ती पहाट आली, ज्या पहाटे दरवर्षी सामना असायचा. धुकं इतकं दाट होतं की हमीदभाई बस चालवत नव्हता, वल्हवत होता. फोन मधूच्या खिशातच. थोड्या वेळाने तो खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, "आता सुरुवात झाली असती." मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "चेंडू तुमच्याकडे." आणि ताई, आम्ही खेळलो. तोंडाने. धुक्यात एक मैदान दिसायला लागलं, लाकडी, चकचकीत, वर दिवे. खेळाडूंना चेहरे नव्हते, पण बुटांचा आवाज येत होता. मला वाटलं, परत आलं सगळं. माझा खेळाडू उंच उडाला. मी म्हणणार होतो, बगळ्या, बघ! तेवढ्यात मधु म्हणाला, "झाला, तुमचा बास्केट झाला." मग त्याचा खेळाडू उडाला. मी म्हणालो, "तुमचाही झाला." त्याचा चुकला तरी मी म्हणालो झाला. माझा चुकला तर तो म्हणाला, पंचांनी फाउल दिला, तुम्हाला दोन संधी. दोन्हीकडचा आकडा नुसत्या सौजन्याने चढत गेला. कुणी हरेना. मागचे मल्याळी इंजिनिअर परत झोपले. सिक्युरिटी गेट आलं तेव्हा बरोबरी होती. उतरताना हमीदभाई म्हणाला, "क्या साहब, आपका झगड़ा खलास?" मी मान हलवली. मधु धुक्यात त्याच्या ऑफिसकडे गेला. दोन पावलांतच दिसेनासा झाला. मला वाटलं, तो असाच कधीतरी नाशिकला कायमचा जाईल आणि मला म्हणेल, येतो हं, डॉमनिकराव.

असो. बाकी सगळं ठीक. उगाच लांबलं. भावोजींना सांग, गुडघ्यावर शेक घ्यावा. सर्वांना प्रेम.

तुझा धाकटा भाऊ,
डॉमनिक

ता. क. : ॲलिसनचं बारावीनंतर अजून ठरत नाही असं आंद्रिया म्हणत होती. सहज सुचवतो. मिहीरच्या कॉलेजच्या गटात एक लहानसं कॉलेज आहे. शांत गाव, मोठी लायब्ररी, बर्फ भरपूर. त्यांचा संघ बगळ्यांना अधूनमधून बरा चोप देतो. तिला जे शिकायचं असेल ते तिथे असेलच. फॉर्म मी भरतो.

ता. क. दुसरा : तुझ्यापासून लपवत नाही. तिला तिथे प्रवेश मिळाला, असं मी काल मधूला सांगून टाकलं. वाटेतल्या अल खोरपर्यंत तो पेपरमिंटची गोळी चघळत होता. मग एकदम उसळला, "स्वतःचं पोरगं पळालं म्हणून आता भाचीला पुढे केलीस? लाज नाही वाटत? तुमचं अख्खं खानदान रडवतो की नाही बघ!" केलीस म्हणाला, ताई. भरल्या बसमध्ये. पुढे तो आणखीही बोलला, ते चर्चहून आल्या आल्या लिहिण्यासारखं नाही. काल मला किती दिवसांनी शांत झोप लागली.

ता. क. तिसरा : तेव्हा ॲलिसनला जिथे शिकायचं तिथे शिकू दे, वसईतच राहिली तरी माझी काही हरकत नाही. फक्त एक कर, आणि यासाठीच या पत्राचा फोटो आजच्या आज पाठवतो आहे. नयनावहिनींची बहीण आसावरी विरारला असते. मधूने तिला उद्या संध्याकाळी पेढे घेऊन तुझ्याकडे अभिनंदनाला पाठवलं आहे. (पेढ्यांबरोबर एक धमकीही पाठवली आहे, ती नीट ऐकून घे आणि मला शब्दशः कळव.) पेढे घे. आणि ॲलिसनला म्हणावं, तेवढा वेळ बर्फाला निघाल्यासारखा स्वेटर घालून बस.