यंदा भुलाबाईचं गाणं पुढे कोण म्हणणार

७ सप्टेंबर, रविवार
रात्री ग्रहण, म्हणून भुलाबाई सकाळीच मांडली. ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर नितीनने बांधलं. वाकडं. पोरगा रोलिंग मिलमध्ये लोखंड सरळ करतो म्हणे. मूर्ती माझ्या हातच्या, भुलोबा म्हणजे शंकर, भुलाबाई पार्वती. भुलोबाच्या मिशा यंदा फारच रुबाबदार झाल्यात, त्याच्यापुढे भुलाबाई बिचारी साधी दिसते. उद्या तिला नथ लावीन.
गळ्याच्या ऑपरेशनपासून बोलायला मनाई. डॉ. म्हणतात आवाज येईल, कदाचित पहिल्यासारखा नाही येणार. बडबड्या बाईला गप्प बसवलं तर ती काय करेल? लिहील. म्हणून ही वही.
पण गाणी पुढे कोण म्हणणार? लग्न होऊन कारखान्याच्या या क्वार्टरमध्ये आले तेव्हापासून मी पुढे, लाइनीतल्या पोरी मागे. माझ्यासारखी भुलाबाई सेक्टरात कुणी म्हणत नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

९ सप्टेंबर
नात पीहूला पुढे बसवलं. गाण्याच्या मधेच थांबून विचारते, "आजी, इसका मतलब क्या है?" मी हातवारे करून सांगत होते, तिने पाण्याचा पेला आणून दिला.
सून तामेश्वरी दारात उभी. ओठ हलत होते तिचे. मी नीट पाहिलं.

१० सप्टेंबर
पीहूच्या पाटीवर लिहून विचारलं, गाणी येतात?
तामी लाजली. "मोला सब आथे, आई. हर साल रंधनी ले सुनथंव न."
म्हणजे इतकी वर्षं ही स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती! माहेर इथल्याच कुरुदचं, बोली छत्तीसगढी, आणि गाणी आमची. म्हणायला लावलं. 'ळ' काही केल्या येत नाही. पण सूर... माझ्यासारखाच चढा. कुणाला सांगू नये इतका आनंद झाला.

१४ सप्टेंबर
आज खाऊ तामीने केला. झाकलेला डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, नाही ओळखलं की पोरी हरल्या. पोरी म्हणाल्या शेव, शंकरपाळे, चिवडा. शेवटी डबा मी घेतला. वाजवला, वास घेतला. पाटीवर ऐटीत लिहिलं, चकली.
ठेठरी निघाली! बेसनाची, तिच्या माहेरची. आजवर मला कुणी खाऊत हरवलं नव्हतं. पोरी टाळ्या पिटत होत्या, तामी पदर तोंडात धरून हसत होती. चार ठेठऱ्या खाल्ल्या, हरले तरी.

२३ सप्टेंबर
कालपासून गरबा सुरू. आमच्या अर्ध्या पोरी घागरे घालून तिकडे पळाल्या. चालायचंच. इथे तेलुगू, ओडिया, गुजराती, सगळ्यांचेच सण एकमेकांच्या अंगणात सांडतात.
दुपारी मराठी मंडळाच्या अध्यक्ष कुंदाताई आल्या. "अवो वहिनी, कोजागिरीले मंडळात गाणं कोण म्हणन?"
मी तामीकडे बोट केलं.
"ते? तिले मराठी जमते का? राहू द्या, आमी मोबाइलवर लावून देऊ न."
मोबाइलवर भुलाबाई! पाटीवर लिहिलं, 'आमच्या घरची सून म्हणेल.' 'आमच्या'खाली दोन रेघा मारल्या. त्या गेल्यावर मनात आलं, हिची फजिती झाली तर मंडळवाले परत कधी तिला उभं करणार नाहीत.

२८ सप्टेंबर
रोज तालीम. सासूविरुद्धच्या तक्रारीचं गाणं तामी फार जीव ओतून म्हणते.
नितीन म्हणाला, "आई, मले तं वाटते हे मनातून म्हणून राहिली."
हसू आलं, तर टाके दुखले.

७ ऑक्टोबर
काल कोजागिरी. लिहायलाच हवं, सगळं.
हॉल भरलेला. गरब्याच्या पोरीही आलेल्या, मसाला दुधासाठी का होईना. पहिलं गाणं तामीने छान काढलं. दुसऱ्यात ओळ विसरली. टिपऱ्या थांबल्या. कुंदाताईंचा हात मोबाइलकडे. ओळ सांगायला मी तोंड उघडलं, नुसती हवा.
तामीने टिपऱ्या खाली ठेवल्या. कमरेत वाकली आणि टाळ्यांवर ठेका धरला, दिवाळीत त्यांच्या बायका सुआ नाचतात तसा, गोल फिरत. एक फेरी नुसत्या टाळ्या. दुसऱ्या फेरीला ओळ आपसूक आली तिच्या तोंडात! पीहू वाकली, मग गरब्याच्या पोरी, मग गुडघे धरून बसलेल्या आमच्या वयाच्या बायासुद्धा. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. गाणं आमचं, चाल आमची, पाय कुरुदचे.
कुंदाताई माझ्या कानाशी, "हे तं सुआ झाला वो. भुलाबाई अशी असते का?"
डॉक्टर गेले खड्ड्यात. "अशीच असते," मी म्हटलं. "माह्या सुनेची हाये ते."
कावळ्यासारखा आवाज. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तामीने वळून पाहिलं. मी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या गाण्याचाही कधी वाटला नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार
काल डॉ.कडे तपासणी. आवाज आहे एवढाच राहील की सुधारेल, ते अजून सांगत नाहीत. जोर देऊ नका म्हणाले. (कोजागिरीचं मी बोलले नाही.)
उद्या कुरुदला. तामीच्या माहेरी गौरा-गौरी, मातीचे शंकर-पार्वती करून त्यांचं लग्न लावतात. विहीणबाईंचा फोन आला, एक गाणं तरी मला म्हणावंच लागेल म्हणून. "समधिन, एक ठन गीत तो तुमन ला गाएच ला परही."
तामी फोन हिसकावून त्यांना माझ्या गळ्याचं सांगायला लागली. मी तिच्या हातून फोन परत घेतला आणि म्हटलं, गाईन.
आता बसून विचार करतेय, गाईन कशाने.
तामी म्हणाली, "आई, तुमी सुरू करा, मैं पीछे-पीछे."
मी मान हलवली, नाही म्हणून. पुढे तिनेच म्हणावं. मी मागे म्हणेन, निघेल तेवढं.