रिकामा पाळणा उंबरा ओलांडत नाही

मंगळवार, ७ मे

शेजारचा लाखलन त्यानेच दिलेलं फावडं परत घेऊन गेला! जुन्या शाळेच्या खोलीत बेटावरच्या जुन्या वस्तू मांडून आठवडा झाला नाही, तोच. "अरे, ते आता संग्रहालयाचं," मी म्हटलं. "असू दे की. मग चुलीत जाळायला दलदलीतलं पीट काय संग्रहालय कापून देणार मला?" खांद्यावर टाकलं आणि चालला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

शुक्रवार, १० मे

पेगीने तिच्या आजीचा तवा परत नेला. घरातला तडकला म्हणे. संध्याकाळी ओटच्या गरम भाकऱ्या घेऊन आली — "तवा उद्या देते हं, एफी." उद्या कुठला! लोणी घुसळायचं पिंप तर कधीचं मॅरियनच्या गोठ्यात आहे. रागवायला जाते आणि मलाच हसू फुटतं.

पण बुधवारी मोठ्या शहरातल्या संग्रहालयाच्या मिस प्रिंगल यायच्यात. इथे वस्तूंची आबाळ दिसली तर सगळं उचलून नेणार. लाखलनला सांगितलं. म्हणतो, "येऊ दे बाईला. चहा पाजू."

रविवार, १२ मे

आज देवाचा वार. कुणी काही नेलं नाही.

बुधवार, १५ मे

काय दिवस! बाईंना अर्ध्या भिंती रिकाम्या दिसल्या. मग काय, वस्तू बघायला घरोघर हिंडवलं. पेगीकडे तव्यावरची भाकरी, वर खारा हेरिंग मासा — बाईंनी दोनदा मागून घेतलं. मॅरियनने तर सरळ घुसळायला बसवलं. "थांबू नका बाई, लोणी वर येतंय!" बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत.

खोलीवर परतल्यावर म्हणाल्या, "जे वापरात आहे ते मी कसं नेऊ? आम्ही वापरातून गेलेलंच नेतो." मी तिथेच नाचायची बाकी होते.

तेवढ्यात त्यांची नजर पाळण्याकडे गेली. "हा तर वापरात नसेल ना?"

आमच्या ह्यांच्या आजोबांनी समुद्राने टाकलेल्या फळ्यांचा केला होता. अर्धं बेट त्यात झोपलं. शेवटचा माझा रोरी. त्याचं लग्न होऊन किती वर्षं झाली. त्याची बायको कर्स्टी पाळण्याची धूळ पुसायची, गुपचूप, पाठ करून. मला ते बघवेना, म्हणून मीच तो खोलीत आणून ठेवला. सुनेला हे कधी बोलले नाही. तिनेही विचारलं नाही.

"नाही," म्हटलं बाईंना. खोटं कसं बोलू? शनिवारच्या बोटीने पाळणा बाईंबरोबर जाणार.

शुक्रवार, १७ मे

रिकामा पाळणा उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, हे बाईंना कोण सांगणार? लाखलननेच सांगितलं. "आत जिवंत काहीतरी हवं. कोंबडी चालते."

"बोटीवर कोंबडी?"

"रिकामा गेला तर बेटावर पुन्हा मूल रडायचं नाही. मग तुमच्या संग्रहालयाला पुढे वस्तू कोण देणार?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाल्या. चांगली बाई आहे. माझी काळी कोंबडी द्यायची ठरली. अंडी घालत नाही, पण मिजास केवढी! रोरी हसून हसून बेजार. कर्स्टी नुसती ऐकत होती. जेवलीही नाही धड.

शनिवार, १८ मे

काळीने धरताना माझे दोन्ही हात ओरबाडले. खोलीत आणली, पाळण्यात ठेवली. दारात मिस प्रिंगल, बाहेर लाखलनची गाडी. एवढ्यात कर्स्टी धापा टाकत आली. पाळण्यावर हात ठेवून उभी राहिली. कानापर्यंत लाल.

"कोंबडी सोडा, आई. सांगा बाईंना, पाळणा वापरात आहे. येत्या डिसेंबरपासून."