बाकांवर मांडलेली पुस्तकं

रविवार, १ सप्टेंबर

एकतीस नाहीत. सतरा आहेत!

गॅस संपला म्हणून उपासना चालू असतानाच चर्चमध्ये डोकावले — आज चहा नाही, हे पाळकांना सांगायला. तेरा वर्षांत पहिल्यांदा. एरवी मी मागच्या खोलीत चहाच्या पातेल्यापाशी. सगळे गेले की बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करायची, मोजायची. जितकी पुस्तकं तितकी माणसं, हजेरीवहीत तोच आकडा. आज डोळ्यांनी पाहिलं. माणसं सतरा, पुस्तकं एकतीस.

दर रविवारी निम्मा चहा उरायचा. मला वाटायचं, वय झालं, साखर सोडली असेल लोकांनी. धन्य माझी!

बुधवार, ४

मुख्य कचेरीचा फॉर्म आलाय. महिनाअखेर हजेरी कळवायची. पंचवीसच्या खाली असेल तर मंडळी दुसऱ्या चर्चला जोडणार, आपल्या दाराला कुलूप. ते चर्च दोन बस बदलून. आमच्या म्हाताऱ्या शिंपीणमावशींचे गुडघे कसे पोचायचे तिथे?

पाळक निवांत. "आपलं काय, एकतीस. इतक्या वर्षांत तिसाच्या खाली कधी गेलो नाही. देवाची कृपा."

मी मान डोलावली. का डोलावली?

शनिवार, ७

लेक मागे लागली म्हणून संध्याकाळी तिच्या नव्या चर्चला गेले. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात भरतं. तीनशे खुर्च्या, तरी पोरं जमिनीवर. ड्रम असे की छातीत धडधड. एका अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि मी चक्क रडले. मग ती दुसरीकडे वळली. ना तिने माझं नाव विचारलं, ना मी तिचं.

येताना लेक म्हणाली, "आई, चर्च संपत नाहीये गं. तुमच्याकडून उठून इकडे आलंय फक्त."

बरोबरच असेल. मग मला आनंद का होत नाही? आणि रडले कशाला?

रविवार, ८

पुस्तकं शिंपीणमावशी मांडतात. सगळ्यांच्या आधी येऊन, ज्याच्या त्याच्या जागेवर. आज धीर करून विचारलं, "मावशी, मेलेल्यांसाठी कशाला मांडता?"

"मेलेल्यांचं मी कधीच उचललं," त्या म्हणाल्या. "यायचे राहिलेत, त्यांच्यासाठी मांडते."

दुसऱ्या बाकावर लेकीच्या जागेवर पुस्तक. ती इथे यायची थांबून पाच वर्षं झाली. शेजारी आणखी एक.

"हे कुणाचं?"

"तुझं. तेरा वर्षं मांडतेय. तू चहातून बाहेर येशील तेव्हा ना."

म्हणजे मी दर रविवारी स्वतःचीही हजेरी लावत होते. घरी येऊन भांडी घासली, तीच दोनदा घासली.

मंगळवार, १७

पेन्सिलीने एकतीस. खोडलं. सतरा. खोडलं. खोटं लिहिलं तर दार उघडं राहतं, खरं लिहिलं तर मावशी घरी बसतात. कुणाला विचारू? पाळकांना विचारलं तर त्यांची कृपाच जायची.

रविवार, २२

पाळकांना सांगून टाकलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. "मला समोरून दिसतच होतं," म्हणाले. "पण वहीत एकतीस वाचलं की बरं वाटायचं." वर म्हणतात, "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा."

म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात.

रविवार, २९

आज चहा ठेवला नाही. दुसऱ्या बाकावर, माझ्या पुस्तकापाशी जाऊन बसले. मावशींनी वळून पाहिलं नाही, नुसतं गाण्याचं पान काढून दिलं. लेकीचं पुस्तक शेजारी तसंच मिटलेलं.

फॉर्म भरला, शाईने. अठरा.