छबुबाईने कुटावयाचा तिळाचा गोळा

मी, सारजाबाई भ्र. कै. बंकटराव खेडकर, धंदा शेती, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि राग आहे तो माझा स्वतःचा आहे. मी सांगते तसं शेजारचा मुंजाजी लिहून घेतोय.

राहते घर, शेळ्या आणि विहिरीजवळचे रान, विहीर कोरडी पडली असली तरी, लेक सुभद्रा हिने घ्यावे. दगडी उखळ व मुसळही तिचेच. छबुबाईने त्याला हात लावायचा तो फक्त खाली लिहिलेल्या दिवशी.

छबुबाई माझी धाकटी जाऊ. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना मी तीळ मंद भाजून, गरम असतानाच कुटून गोळा करी. भाकरीला लावला की दिवसभर पोटाला आधार. कुटता कुटता तीळ असा घट्ट होतो की मुसळ निघत नाही. तिथं दम धरायचा. कुटत राहिलं की त्याचं त्यालाच तेल सुटतं, लोण्यासारखा मऊ होतो. छबुबाईला दम कधीच नव्हता.

पुढं बायांची सहकारी संस्था निघाली. छबुबाईसाहेबांनी माझा गोळा स्वतःचा म्हणून मांडला आणि चेअरमन झाल्या. घट्ट झाला की पाणी शिंपडायच्या! माल नासला, डबे परत आले, तर भर सभेत म्हणाल्या, "सारजाचा हात लागला, म्हणून नासलं." चोर तो चोर, वर शिरजोर! तेव्हापासून गावातल्या बाया माझ्या हातचं खात न्हाईत. आजबी काळीज जळतं माझं.

सबब, माझ्या दहाव्याला पिंडाशेजारी तिळाचा गोळा ठेवावा. तो छबुबाईने गावादेखत, माझ्याच उखळात, एकटीने कुटावा. कावळा शिवला तर माझी तक्रार नाही. न शिवल्यास तिने हात जोडून मोठ्याने म्हणावे, "गोळा सारजाचा होता, नासवला मी." तोवर कोणी जेवू नये.

मुंजाजी म्हणतो, "काकू, असलं मृत्युपत्रात लिहीत न्हाईत."

म्हटलं, "जितेपणी कुणी ऐकलं का माजं? लिही गप."

एक राहिलंच. आमच्या अंगणातले कावळे रोज सकाळी माझ्या हातचा गोळा खातात. मागं एकदा संस्थेचा ठेवून बघितला. एकानंबी चोच लावली न्हाई.

निशाणी डावा अंगठा : सारजाबाई खेडकर

साक्षीदार :
१. सिदू धायगुडे, मेंढपाळ
२. सुंदरराव खेडकर, धाकटे दीर, छबुबाईचे यजमान (वाचून सही केली. घरी बोलणार नाही.)

चकलांबा, दि. १२ मे १९८७